तोंडी दिलेली सूचना

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत रमाकांत तोडणकरांना सगळे साहेब म्हणतात. तीस वर्षं अग्निशमन दलात काढून ते स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. पण ओळख करून देताना ते आधी सांगणार, "मी वडाळ्याच्या लोकविज्ञान विद्यापीठाचा."

त्याला कारण होतं. संपाच्या वर्षी वडील गिरणीतून घरी बसले आणि एका खोलीतल्या सात माणसांत अभ्यासाला जागा उरली नाही. तेव्हा रसायनशास्त्राच्या हेमचंद्र सरांनी त्यांना प्रयोगशाळेशेजारची खोली दिली. परीक्षा होईपर्यंत रोज सकाळी सर स्वतः येऊन ती उघडत. नाहीतर मी कुठेतरी हमाली करत असतो, असं साहेब म्हणायचे. निवृत्तीनंतर दर जुलैत ते तिथे जाऊन नव्या मुलांना आगीत काय करायचं ते शिकवत. मुलगी अक्षता तिथेच कंत्राटावर शिकवायला लागली, तेव्हा त्यांनी चाळभर पेढे वाटले होते.

गेल्या सप्टेंबरात त्या प्रयोगशाळेला आग लागली. दुसऱ्या वर्षाचा सम्यक त्यात गेला. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने पत्रक काढलं की विद्यार्थ्याने रसायन निष्काळजीपणे हाताळलं. वर्गातली मुलं म्हणू लागली, मागचं दार बंद होतं म्हणून तो अडकला. विद्यापीठ म्हणालं, दार उघडं होतं. मग वर्तमानपत्रं, मोर्चे, सरकारची चौकशी समिती.

साहेबांचं जेवण सुटलं. गॅलरीत फेऱ्या घालायचे, फोन वाजला की दचकायचे. त्यांच्या पत्नी कमलवहिनींना वाटलं, जुन्या जागेचं दुःख असेल. खरं काय ते साहेबांनी आठ दिवस सांगितलं नाही.

जुलैत सराव घेताना त्यांनी त्या दाराला कुलूप पाहिलं होतं. सामान चोरीला जातं म्हणून लावलंय, असं शिपाई म्हणाला. साहेब कुलसचिवांकडे गेले. आजच काढतो म्हणत त्यांनी चहा मागवला. दुसऱ्या कुठल्याही इमारतीत साहेबांनी जागच्या जागी लेखी सूचना दिली असती. इथे दिली नाही. आपल्याच घराविरुद्ध कागद कशाला, असं मनात आलं. परत जाऊन पाहिलंही नाही.

नवव्या दिवशी पुष्कर देसाई आले. ते माजी विद्यार्थी संघाचे सचिव, दादरला राहणारे, साहेबांच्याच बॅचचे. बरोबर निवेदन होतं: विद्यापीठातली सुरक्षाव्यवस्था चोख आहे, बदनामी थांबवा. अग्निशमन दलातल्या माणसाची सही सगळ्यात वर हवी होती.

"रम्या, आज नाही उभा राहिलास तर कधी?" पुष्कर म्हणाले. निघताना दारात हळूच म्हणाले, "अक्षताचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय ना?"

त्या संध्याकाळी साहेबांनी बायको आणि मुलीला समोर बसवून सगळं सांगितलं. सम्यक अक्षताच्याच वर्गात शिकत होता. तुमचं नाव निघालं तर लोक तुम्हालाच धरतील, असं तिने एकदा बोलून पाहिलं. मग म्हणाली, "पण बाबा, सही करू नका. मला परत त्या वर्गात जायचंय."

साहेबांनी सही केली नाही; जबाब द्यायचाय असं समितीला कळवलं. समितीपुढे जायच्या दिवशी त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात, ती वहिनींनी लावली. पेटत्या गोदामात शिरताना कधी असं झालं नव्हतं.

आत त्यांनी लिहून आणलेला जबाब वाचला. तारीख सांगितली, कुलूप कसं होतं ते सांगितलं, कुलसचिव काय बोलले तेही. कुलसचिवांच्या वकिलाने विचारलं, एवढं धोक्याचं होतं तर लेखी का नाही दिलं?

"प्रेमापोटी," साहेब म्हणाले. "ती माझी चूक आहे. तशीच नोंदवा."

बाहेर बाकावर सम्यकची आई ललिताबाई बसल्या होत्या. उघड्या दारातून त्यांनी आतलं ऐकलं होतं. त्या उठून समोर आल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

त्या मागे वळल्या आणि सोबत आलेल्या भावाचा हात धरून जिना उतरून गेल्या.

फेब्रुवारीत अहवाल आला. सम्यकवरचा ठपका पुसला गेला, कुलसचिव निलंबित झाले. अहवालात एक ओळ साहेबांबद्दलही होती, की जबाबदार माणसाने पाठपुरावा केला नाही. माजी विद्यार्थी संघाने त्यांना व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातून काढलं. मार्चमध्ये अक्षताचं कंत्राट संपलं ते संपलंच. आता ती परळच्या एका कॉलेजात तासांवर शिकवते.

मे महिन्यात साहेबांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं. सगळ्या इमारतींची तपासणी मी करून देतो, या वेळी सगळं लेखी. तिथे आता तुम्हाला कोण विचारतंय, असं मी त्यांना गॅलरीत म्हटलं. ते म्हणाले, "मुलं तर येणारच आहेत ना जूनमध्ये."

पाच आठवडे उत्तर नव्हतं. साहेब रोज पोस्टमनच्या वेळेला खाली जाऊन उभे राहायचे. जूनच्या शेवटी नव्या कुलसचिवांचं दोन ओळींचं पत्र आलं, सोमवारी या. ते गेले. पहिल्या दिवशी एकोणतीस त्रुटी लिहून दिल्या, पोच घेतली आणि घरी येऊन कित्येक महिन्यांनी दोन घास जास्त जेवले.