नाकाखालचा तळहात
कोशिंबिरीसाठी बीट किसलं, की त्या मातकट वासानं मला माझं मरण आठवतं. दौंडजवळच्या एका गावात मी पुराच्या वेळी मदतीला धावणाऱ्या गावकऱ्यांना शिकवायला गेलो होतो. सरावाला खोटे जखमी कमी पडले, म्हणून मी हौसेनं कपाळावर बिटाचा रस ओतून नदीकाठच्या तापल्या वाळूत आडवा झालो. नियम माझाच होता: श्वास नसेल त्याला काळी फीत बांधायची आणि लगेच जिवंत माणसाकडे जायचं. मी श्वास असा रोखला, की नाटकात बक्षीसच मिळावं. एका मावशींनी फीत बांधली, पण त्या उठेनात. "मावशी, चला की, तिकडं माणूस बोंबलतोय!" मागून कुणीतरी हसत ओरडलं. मावशी माझ्या कानाशी वाकल्या. "बाळा, त्या पुरात तुला तितंच ठिवून निघाले मी. धाकटी खांद्यावर व्हती, पानी चढत व्हतं. तुजा श्वास हाय का न्हाई, बगितलंच न्हाई रं मी तवा." आणि त्यांनी तळहात माझ्या नाकाखाली धरला. छाती फुटायला आली, तरी मी श्वास सोडला नाही. "न्हाईच," त्या पुटपुटल्या आणि बोंबलणाऱ्याकडे पळाल्या. ते उत्तर द्यायचा हक्क मला कुणी दिला होता, कोण जाणे. आजही दुपारी डुलकी लागली, की नाकाखाली तो हात येतो आणि मी श्वास रोखून धरतो.