पंधराव्या किलोमीटरचा हॉल्ट

माझी शेवटची पोस्टिंग सिकंदराबादला होती. नोकरी संपत आली की फौज माणसाला शक्यतो घराजवळ आणून सोडते. माझं घर गौलीगुड्यात. आजोबा उदगीरकडून आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. मी हवालदार बिरादार, व्हेईकल मेकॅनिक. सकाळी सहाला पीटी, आठला वर्कशॉप, एकला लंगर, चारला गाड्यांची गिनती. पेन्शनला चार महिने उरले होते. खरं सांगतो, मी थकलो होतो. चोवीस वर्षं गाड्यांखाली झोपून पाठ गेली होती आणि मन माझ्या आधीच घरी जाऊन बसलं होतं.

आमची ॲम्ब्युलन्स नाईक यादगिरी चालवायचा. सिद्दीपेटकडचा माणूस, बोलायला कमी. स्टीअरिंगला हात लावण्याआधी तो दोन्ही तळवे पँटला पुसायचा, जेवायला बसताना पुसावेत तसे. मी त्याला चिडवायचो, "यादगिरी, भात कब परोसूं?" तो नुसता हसायचा.

त्या मार्चमध्ये ॲम्ब्युलन्सला सगळे टायर आणि रिम नवीन मिळाले. आठवड्यावर इन्स्पेक्शन होतं. इन्स्पेक्शन म्हटलं की फौजेत दगडांनाही चुना फासतात. गाड्यांना हिरवा रंग, नटांना पांढरा. चाकं मशीनवर बॅलन्स होऊन आली, पोरांनी ती बसवली, रंगवली. कागदावर बॅलन्स शून्य. मी सही केली.

दुसऱ्याच दिवशी यादगिरी वर्कशॉपच्या दारात उभा.

"उस्ताद, स्टीअरिंग काँपरा."

"कितने पे?"

"साठ के ऊपर."

मी स्वतः गाडी काढली. पन्नासपर्यंत काही नाही. साठ ओलांडल्यावर स्टीअरिंगला बारीक थरथर. सीट शांत होती, म्हणजे मागची चाकं ठीक, दोष पुढच्या चाकांत. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली. रिमच्या कडेशी खडू धरला आणि चाक हाताने फिरवलं. चाक सरळ असेल तर खडूचा पट्टा सगळीकडे सारखा उमटतो. उजव्या चाकावर तसा उमटला. डाव्या चाकावर एका बाजूला उमटला, दुसऱ्या बाजूला नाही. फरक सूतभर.

मशीनवर सरळ फिरणारं चाक गाडीवर वाकडं फिरत असेल, तर दोष चाकात नसतो. ते जिथे बसतं तिथे असतो. हे मी रंगरुटांना कित्येक वेळा शिकवलं होतं. चाक काढायचं आणि आतला हब बघायचा, अर्ध्या तासाचं काम. मी पाना उचलला तेवढ्यात सुभेदार साहेब आले.

"बिरादार, नट का पेंट उड़ जाएगा. इन्स्पेक्शन के बाद खोलना."

मी पाना खाली ठेवला. जॉब बुकात लिहिलं : टायर नवीन, चालून बसतील.

तीन दिवसांनी यादगिरी पुन्हा आला. "उस्ताद, कलसे ज्यादा है. अब पचास पेच आरा."

इथे मी चुकलो, आणि ही चूक मी कुणावर ढकलत नाही. बॅलन्सचा दोष असेल तेवढाच राहतो. रोज वाढणारी थरथर म्हणजे कुठेतरी काहीतरी सुटतंय. हे मला माहीत होतं. पण मी म्हणालो, "परसों इन्स्पेक्शन है. उसके बाद देखते." तो "हौ उस्ताद" म्हणून गेला. त्याचं म्हणणं मी कानामागे टाकलं.

इन्स्पेक्शन छान झालं. पांढऱ्या नटांचं कौतुक झालं. संध्याकाळी ऑर्डर आली : उद्या सकाळी साडेपाचला कॉन्व्हॉय, फायरिंग रेंजकडे. चाक उघडायला तेव्हाही वेळ होता. मी मनात म्हटलं, पंधराव्या किलोमीटरला पहिला हॉल्ट असतोच. लांबच्या कॉन्व्हॉयचा तो नियमच आहे, सगळ्या गाड्या थांबतात आणि ड्रायव्हर नट तपासतात. तिथे घट्ट करू.

सकाळी निघायला चाळीस मिनिटं उशीर झाला. ॲम्ब्युलन्समध्ये यादगिरी पुढे, मागे नर्सिंग असिस्टंट आणि दोन जवान. मी सगळ्यात मागे, रिपेअर गाडीत; रेडिओवर माझं नाव 'टेल'. ट्रॅफिक वाढायच्या आत शहर सोडायचं होतं. रिंग रोडला लागल्यावर रेडिओवर कॉन्व्हॉय कमांडरचा आवाज आला.

"ऑल स्टेशन्स, पहला हॉल्ट कॅन्सल. सीधे दूसरे हॉल्ट पर. ओव्हर."

मी बटण दाबून "साहब, मेरा हॉल्ट जरूरी है" एवढंच म्हणायचं होतं. माझा अंगठा बटणावर होता. मी म्हणालो नाही.

सहा वाजून चौतीस मिनिटांनी यादगिरी बोलला.

"टेल, ॲम्ब्युलन्स. उस्ताद, आज भोत हिलरा. ओव्हर."

"कितना? ओव्हर."

"हातां सुन्न होरे. ओव्हर."

"चालीस पे चलो. अगले हॉल्ट पे देखेंगे. आउट."

'ओव्हर' म्हटलं की समोरच्याला बोलायला जागा राहते. 'आउट' म्हटलं की बोलणं संपतं. मी 'आउट' म्हणालो होतो.

सहा बेचाळीसला पुढचं डावं चाक निखळलं. डावीकडे कठडा होता आणि खाली तलाव. चाक गेलेली गाडी त्याच बाजूला ओढते. यादगिरीने ती उजवीकडे दाबून धरली आणि दुभाजकावर घातली. ड्रायव्हरची बाजू उजवी. मागच्या तिघांना खरचटलं, एकाचं मनगट मोडलं. आम्ही पोहोचलो तेव्हा यादगिरी संपला होता. त्याची बोटं स्टीअरिंगवरून मी सोडवली, एकेक करून. अजून जेवायला बसलो की कधी कधी ती आठवतात.

चार दिवसांनी त्याची बायको लक्ष्मी युनिटमध्ये आली. तिने चहाला हात लावला नाही. तिचा एकच प्रश्न होता.

"भैया, उनो गाडी तेज चलारे थे क्या? गाँव में सब वैसाच बोलरे."

गावातच कशाला, युनिटमध्येही तेच बोलत होते. कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसणार होती आणि 'चालकाचा निष्काळजीपणा' हे शब्द बसण्याआधीच सगळ्यांच्या तोंडी होते. मेलेला माणूस साक्ष द्यायला येत नाही. त्याने तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा मलाच. मी लक्ष्मीला म्हणालो, "नहीं बहन. गलती उसकी नहीं."

मी परवानगी घेऊन डावा हब तपासून पाहिला. चाक जिथे लोखंडाला लोखंड लागून बसायला हवं, तिथे हिरव्या रंगाचा थर होता, सायीसारखा जाड. पोरांनी हब रंगवला होता आणि ओल्यावरच चाक चढवलं होतं. रंग रोज थोडा दबत गेला, नट रोज थोडे ढिले पडत गेले. यादगिरीच्या हातांना ते पहिल्या दिवशी कळलं होतं.

इन्क्वायरीच्या सकाळी सुभेदार साहेबांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, त्यांचेही डोळे सुजले होते.

"बिरादार, तेरे तीन महीने बचे हैं. जितना पूछें उतना ही बोल."

मी विचारलं त्यापेक्षा जास्त बोललो. जॉब बुक टेबलावर ठेवलं. खडूचा फरक सांगितला, खाली ठेवलेला पाना सांगितला, 'आउट' सांगितलं. मला सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे कडक ठपका, मिळाला, सर्व्हिस बुकात लाल शाईने. यादगिरीवर ठपका आला नाही. निकाल मी फोन करून लक्ष्मीला सांगितला. ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "सरपंच को भी बताओ भैया." मी सरपंचालाही सांगितलं. पुढे हब रंगवू नये अशी लेखी ऑर्डर निघाली. बैल गेला अन् झोपा केला.

युनिटच्या स्मारकाच्या दगडावर लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. यादगिरी 'फिजिकल कॅज्युअल्टी', म्हणजे लढाईबाहेर गेलेला, म्हणून त्याचं नाव तिथे नाही. मला ते डाचतं. पण दगडाचा नियम मी बदलू शकत नाही.

गेल्या महिन्यात माझी भाची मुग्धा आली. तिने गाडीला नवे अलॉय आणि टायर घातले होते.

"मामा, तीन बार बॅलन्सिंग करवलं, तरी ऐंशीला स्टीअरिंग थरथरतंय. मशीन झीरो दाखवते."

"थरथर तेवढीच आहे, का वाढतेय?"

"तेवढीच."

तरी मी तिला गाडी दारातून हलवू दिली नाही. चाक काढलं. अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा मोठं होतं आणि फट भरणारी रिंग बसवलेलीच नव्हती. चाक मशीनवर मधोमध बसायचं, गाडीवर बसत नव्हतं. अफझलगंजहून मापाच्या रिंगा आणल्या, हब पुसला, नट समोरासमोरचे घेत घट्ट केले. मग दोघं रस्त्यावर निघालो. ऐंशीला स्टीअरिंग गप्प होतं.

पंधरा किलोमीटर झाल्यावर मी गाडी बाजूला घ्यायला लावली.

"कैकू मामा? एकदम स्मूद चाललीय ना."

मी पाना घेऊन खाली उतरलो. गुडघे कुरकुरले. चारही चाकांचे सगळे नट तपासले. एकही हलला नाही. परत येऊन बसलो तेव्हा तिने विचारलं, "हे असं थांबायचं तुम्हाला फौजेत कुणी शिकवलं?"

नियम फौजेचा होता. पण फौजेने शिकवूनही मी शिकलो नव्हतो. मी तिला इंजिन बंद करायला सांगितलं आणि ज्याने शिकवलं त्याचं नाव सांगितलं. नाईक यादगिरी, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. त्याने मला तीनदा सांगितलं होतं.