माईंचं इंजेक्शन आणि माझी मास्तरकी

चहा घ्या आधी. मग सांगतो, सासूबाईंच्या उशाशी बसून मी काय दिवे लावले ते!

मी चिखलीला कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. वर्गात चाळीस पोरं असली की चाळीसही पेंगतात. त्यामुळे कुणी आपणहून प्रश्न विचारला की मला अगदी भरून येतं.

तर आमच्या सासूबाई, उंद्रीच्या माई, शेवग्याच्या शेंगा काढायला स्टुलावर चढल्या आणि खाली आल्या त्या खुब्याचं हाड मोडूनच. बुलढाण्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, छान झालं. तिसऱ्या दिवशी बायको डबा आणायला गेली आणि माईंजवळ मी बसलो. सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या.

"जावईबापू," माई म्हणाल्या, "हे रोज पोटात सुई टोचून राह्यले. काय असते हो याच्यात?"

प्रश्न! चक्क प्रश्न!

"हेपॅरिन, माई. माणूस पडून राह्यला की पायात रक्ताची गाठ होते. ते फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. या औषधानं गाठ होत नाही."

इथं थांबायचं की नाही? पण मी मास्तर!

"अन् बनते कशापासून, माहीत हाय? डुकराच्या आतड्यापासून!"

आता माई म्हणजे कोण? गळ्यात तुळशीची माळ. अंड्याचा नुसता संशय आला म्हणून नातवाच्या वाढदिवसाचा केक न खाणाऱ्या. त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली.

"सिस्टर, मले नोको हे सुई."

सिस्टरनं माझ्याकडे असं पाहिलं की बस! मी घाईघाईनं सावरायला गेलो.

"माई, तसं नाही. हेपॅरिन कितीतरी प्राण्यांत असते. गाईत, बकरीत, कोंबडीत. अहो, शिंपल्यातल्या जिवातबी! त्याचं रक्त आपल्यासारखं गोठतच नाही, तरी त्याच्यात हाय. तिथं त्याचं काम काय, हे अजून कोणाले पक्कं सांगता येत नाही. तुमच्या अंगातबी हाय!"

"माह्या अंगात हाय? मंग भाईरून काऊन टोचता?"

"तेवढं पुरत नाही, माई."

"गाईत हाय म्हणता ना? मंग गाईचं आणा. दुधातून काढत असतीन."

"दुधातून नाही हो, त्याच्यासाठीबी गाय काप..."

वाक्य अर्धंच राहिलं, पण व्हायचं ते होऊन गेलं. माईंनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे मान फिरवली.

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून धाड गावच्या सखूबाई उठून बसल्या. त्यांनाही तेच इंजेक्शन होतं.

"सर, बकरीच्या आतड्यातबी असते म्हणता?"

"हाव."

"मी तं दर बाजाराले बकऱ्याची आतडी, बोटी आणते. मंग मले सुई कशाले पाह्यजे? सिस्टर, माही बी राहू द्या!"

"अहो बाई, खाल्लेलं पोटात पचून जाते, रक्तात जात नाही!" मी ओरडलो. ऐकतं कोण? एकीला आतडं चालत नव्हतं, दुसरीनं ते भरपूर खाल्लं होतं, आणि सुई दोघींनाही नको होती!

एवढं ऑपरेशन निभावलेली बाई, आणि माझ्या जिभेपायी पायात गाठ झाली तर? मी हात जोडले, शपथा घातल्या. माई भिंतीकडेच बघत होत्या.

डॉक्टर आले. त्यांच्या पाठोपाठ डबा घेऊन आमची शोभा. सगळं ऐकून डॉक्टर शांतपणे म्हणाले, "माई, दुसरं एक इंजेक्शन आहे. हेपॅरिनच्या लांब साखळीतला नेमका कामाचा तुकडा, फक्त पाच कड्यांचा. कारखान्यात बनतो. कुठल्याही प्राण्याचा त्यात संबंध नाही."

माईंनी मान वळवली. चेहरा उजळला. "मंग द्या ना, सायेब."

झालं होतं हो काम! पण मी गप्प बसलो तर मी कसला!

"आणि माई, त्या पाच कड्या म्हणजे काय? साखरा!"

"साखर?" माई किंचाळल्या. "मले शुगर हाय!"

"ही चहातली साखर नाही, माई. यानं शुगर वाढत नाही," डॉक्टर दात आवळत म्हणाले.

"तुमी म्हणता तं टोचा. पण अगोदर याइले भाईर काढा."

शोभानं माझं मनगट धरलं आणि मला व्हरांड्यात नेऊन बाकावर बसवलं. आत माईंनी नवं इंजेक्शन घेतलं. सखूबाईंना डॉक्टरांनी बोटीचं गणित समजावलं, त्यांनीही जुनंच मुकाट्यानं घेतलं. चार दिवसांत माई वॉकर धरून चालायला लागल्या. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

म्हटलं, आता तरी आत जावं. तर खाटेच्या पायाशी पथ्याचा कागद लावलेला. त्यावर लिहिलं होतं: मीठ कमी. साखर बंद.

आणि त्याच्याखाली, पेनानं, आमच्या शोभाच्या अक्षरात: जावई बंद.