ड्रायव्हरकाकांचा होकार

माझी आत्या लढाईच्या काळात लष्करी इस्पितळात नर्स होती. निवृत्तीनंतरही सगळी आळी तिला 'सिस्टर'च म्हणायची. कुणाला ताप चढला की आधी आत्याचं दार, मग दवाखाना.

तिच्या वॉर्डात राहून गेलेले बरेच सैनिक पुढे खोकल्याने बेजार झाले. चार पायऱ्या चढल्या की धाप. डॉक्टर म्हणत, वय झालं. मग छातीच्या रोगांवर संशोधन करणारी एक डॉक्टरीण आली. लढाईत पेटलेल्या तेलसाठ्याच्या धुराचा हा प्रताप असावा, असा तिचा अंदाज होता. तेव्हाचे केसपेपर बघायला मिळावेत म्हणून तिने लष्कराच्या कचेरीत खेटे घालून चपला झिजवल्या. शेवटी परवानगी मिळाली, पण अट एक: ज्याचा कागद, त्याची संमती.

आत्या तिला घेऊन घरोघर फिरली. लढाईत लष्कराचा ट्रक चालवणारे ड्रायव्हरकाका तेवढे अडून बसले.

"माझे कागद कुणी उघडायचे नाहीत."

"अहो, पण का?" काकूंनी कपाळाला हात लावला.

आत्याने दोघींना चहाच्या निमित्ताने आत पिटाळलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"सिस्टर," काका खाली मान घालून म्हणाले, "तिथे मी आईच्या आठवणीने ओक्साबोक्शी रडायचो. तुम्ही हात धरून बसायचात. ते लिहिलं असेल ना? नातवंडांना तोंड कसं दाखवू?"

"वेडे आहात का? मी आजार लिहायचे. ताप, खोकला, श्वास. रडणं हा काय आजार आहे?" मग आवाज उतरवून ती म्हणाली, "आणि तुम्ही एकटेच रडत होतात होय? अख्खा वॉर्ड रडायचा. मीसुद्धा. चादरींच्या खोलीत जाऊन."

काका हसले, हसता हसता खोकले. आत्याने पाठ चोळली. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा ते सहीसाठी चष्मा शोधत होते.

कागद उघडले आणि डॉक्टरणीचा अंदाज खरा ठरला: धुराजवळ ज्यांचा तळ होता, त्यांचीच फुप्फुसं पोखरली होती. उपचारांचा भार लष्कराने उचलला. काकांचा खोकला पुरता गेला नाही, पण फिरायला जाण्याइतका दम आला.

तपासणीच्या दिवशी मात्र ते आत्याला बरोबर न्यायचे. का, म्हणून विचारलं तर चारचौघांत बिनदिक्कत सांगायचे, "मला भीती वाटते बाबा."