टेबलाखालचे पाय

लोकांच्या घरांचे नकाशे काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. कुणाचं कपाट कुठे बसेल, कुणाची डायनिंगची खुर्ची मागे ओढली की भिंतीला लागेल का, हे मी मिलिमीटरमध्ये सांगते. एकदा तर एका बाईंच्या कुत्र्याची झोपायची जागा आखली होती, ती आमच्या मोरीपेक्षा मोठी होती. पण आमच्या लालबागच्या खोलीचा नकाशा मात्र मी कधी काढला नव्हता. दहा बाय बाराचा काय नकाशा काढायचा, असा माझा तोरा. हा तोरा माझ्या सासूबाईंनी उतरवला, तोही आवाज न चढवता.

झालं असं की आमच्या ऑफिसने जागा सोडली आणि सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं. माझा जुना लॅपटॉप मोठं ड्रॉइंग उघडलं की धापा टाकायचा. मग नवऱ्याने आणि मी लॅमिंग्टन रोडला चार दुकानं पालथी घालून एक दणकट कॉम्प्युटर जुळवून घेतला. त्याचा तो काळा टॉवर नवऱ्याने टॅक्सीत मांडीवर घेऊन आणला. दारात सासूबाईंनी त्याला ओवाळलं, कपाळ नव्हतं म्हणून बटणाच्या वर कुंकू लावलं आणि आमच्या हातावर साखर ठेवली.

टेबल ऑफिसनेच जाताना दिलेलं. उजव्या बाजूला खण, डावी बाजू मोकळी. वर दोन मॉनिटर आणि प्रिंटर बसल्यावर चहाचा कप ठेवायलाही जागा उरली नाही. आई, म्हणजे सासूबाई, रोज लादी पुसतात, तीही पाण्याने सढळ हाताने. म्हणून टॉवरखाली पाट घातला आणि तो टेबलाच्या मोकळ्या बाजूला, खाली ठेवून दिला. माझ्या दृष्टीने विषय संपला.

आता आमची खोली रात्री कशी असते ते सांगायला हवं. आम्ही दोघं पोटमाळ्यावर झोपतो. आईंचे गुडघे शिडी चढू देत नाहीत, आणि खाटेवर त्यांना झोप लागत नाही. पाठीला जमीन लागली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. सासरे गेल्यापासून तर तो जास्तच पक्का झाला. समोरच्या भिंतीवर सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेला देव्हारा आहे, तिकडे पाय करायचे नाहीत. दुसरीकडे मोरी. सगळं जमेस धरलं तर आईंच्या पायांना जगात एकच दिशा उरते, आणि ती दिशा टेबलाखाली जाते.

सकाळी त्या अंथरूण गुंडाळायच्या आणि त्यावर एक जाड, चार बोटं रुंद कॅनव्हासचा पट्टा आवळायच्या. गिरणीत यंत्र ओढणाऱ्या पट्ट्याचा तो तुकडा. गिरणी बंद झाली तेव्हा सासरे तेवढाच घेऊन घरी आले होते. चांभाराकडून त्याला एक लोखंडी बक्कल लावून घेतलेलं. त्या बक्कलाचा आवाज झाला की मला वर माळ्यावर जाग यायची, अलार्म कधी लावला नाही. वर्षातून दोनदा आई गावाला, मालवणकडे जायच्या तेव्हा ती वळकटी त्याच पट्ट्यात बांधून बरोबर जायची.

टॉवर आल्यावर आठवड्याभरात मी एक गोष्ट पाहिली. सकाळी वळकटी बांधायच्या आधी आई टेबलासमोर वाकायच्या, टॉवरला हात लावायच्या आणि तो हात कपाळाला. मला इतकं हसू आलं. सूनबाईच्या कॉम्प्युटरची रोज पूजा चालली आहे म्हणून मी मैत्रिणींना फोनवर रंगवून सांगितलं. नवऱ्यालाही चिडवलं, की तुझ्यासाठी कधी एवढा नमस्कार केला नाही तुझ्या आईने.

आणि एका रविवारी जेवताना आई म्हणाल्या की त्या आता गावाला जाऊन राहणार आहेत. गणपतीला येतील, शिमग्याला येतील, बाकी तिकडेच. घर बंद पडलंय, वाळवी लागेल, असं काहीबाही कारण. माझा घास हातात राहिला. गावच्या घरात कुणी नाही. शेजारचं घर हाकेच्या अंतरावर म्हणावं तर हाक मारायला दम पाहिजे. आणि ह्या बाईला साधं उठताना भिंत धरावी लागते.

मला आधी राग आला, मला नेहमी आधी रागच येतो. वाटलं, माझं घरी बसून काम करणं ह्यांना खुपतंय, दिवसभर खोलीत माझा वावर नको आहे. मग लगेच स्वतःचीच लाज वाटली. लग्नानंतर मी ड्राफ्टिंगचा कोर्स केला तेव्हा वर्षभर संध्याकाळचा स्वयंपाक ह्याच बाईने केला होता, आणि चाळीत कुणी काही बोललं तर त्याला गॅलरीतूनच झापलं होतं. त्या गेल्या तर ह्या घरात माझं राहिलं काय? नवऱ्याला म्हटलं, विचार ना काय झालंय. तो म्हणाला, तू विचार, तुझ्याशी जास्त बोलते. त्याच्या आईला तो घाबरतो, हे त्याने आजवर कबूल केलेलं नाही.

मीच शोध लावला. रात्री एकदा पाणी प्यायला उतरले तर आई पाय पोटाशी घेऊन, अंगाचं मुटकुळं करून झोपलेल्या. पाय सोडायला जागाच नव्हती, तिथे माझा टॉवर पाटावर बसलेला. असं होय! मला हायसंच वाटलं. जागेचा प्रश्न म्हणजे माझ्या हातचा मळ.

दुसऱ्या दिवशी टॉवर टेबलाखाली लटकवायचा लोखंडी ब्रॅकेट ऑनलाइन मागवला. आल्या दिवशी दुपारी टेप काढली. टेबलाखाली मोकळी उंची एकोणतीस इंच. ब्रॅकेटचा एक इंच, टॉवर उभा सोळा इंच. खाली राहिले बारा. गादी तीन इंच, आईंचे पाय धरा आठ इंच, वर एक इंच मोकळा. झकास. आमच्या चाळीच्या मंडळाची ड्रिल मशीन आहे, गणपतीत डेकोरेशनला लागते, एरवी ज्याला हवी तो नेतो. तिची किल्ली शेजारच्या काकांकडे. काका गिरणीत फिटर होते, सासऱ्यांच्याच खात्यात. त्यांनी मशीन दिली, टेबलाची फळी नखाने खरवडून पाहिली आणि म्हणाले, ही भुशाची फळी आहे, स्क्रू धरणार नाही. मी म्हटलं, काका, व्हिडिओत बघितलंय. स्क्रू पिळून ब्रॅकेट बसवला आणि टॉवर लटकवला. आईंनी पण सगळं बघून मान डोलावली, छान झालं म्हणाल्या.

पण गावाला जायचं काही त्यांनी रद्द केलं नाही. उलट औषधांच्या पट्ट्या मोजून पिशवीत भरल्या.

चौथ्या दिवशी बक्कलाचा आवाज यायच्या आधीच मला जाग आली. शिडीवरून बघते तर आई टेबलासमोर बसलेल्या. टॉवरला हात लावला, कपाळाला लावला. डाव्या नडगीवर हळदीचा लेप. मी धावत उतरले. नडगी काळीनिळी झाली होती.

माझा आवाज चढला. म्हटलं, लागतंय तर सांगायचं नाही का? आम्ही काय परके आहोत? त्या हळूच म्हणाल्या, लागण्याचं काही नाही गो, हाडांना सवय आहे. मग जे बोलल्या ते मी जन्मात विसरणार नाही.

“रोज पाय लागता गो तेका. आपण ज्याच्यार जेवतो तेका पाय लावन कसा निजाचा?”

म्हणजे तो नमस्कार पूजेचा नव्हताच. रोज सकाळी ही बाई माझ्या कॉम्प्युटरची माफी मागत होती. कुणाला चुकून पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो, तसा. आणि मी तो मैत्रिणींना हसून सांगत होते. लाजेने माझे कान तापले. रडू आलं ते मी दाबलं नाही, तिथेच जमिनीवर बसून रडले. आईच माझी समजूत घालायला लागल्या, की त्यात काय, मी गावाला गेले की तुझं काम बिनघोर चालेल.

चूक कुठे झाली ते मला त्या क्षणी लखलखीत कळलं. मी माप दुपारी घेतलं होतं. दुपारी वळकटी बांधून खाटेवर असते आणि खोली कोऱ्या कागदासारखी मोकळी दिसते. मी पावलांची उंची धरली, माणूस कसा झोपतो ते धरलंच नाही. आई गुडघे दुखतात म्हणून त्यांच्याखाली गुंडाळलेली गोधडी घेतात, गुडघे उभे करून झोपतात. दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या माणसाने करू नये अशी ही चूक, आणि ती मी, डिलाईल रोडच्या चाळीत जन्मलेल्या बाईने केली. कुत्र्याची सुद्धा झोपायची पद्धत मी त्या बाईंना विचारून घेतली होती.

त्याच दिवशी ऑफिसला सुट्टी टाकली आणि आमच्या खोलीचा नकाशा काढला. दिवसाचा नाही, रात्रीचा. भर दुपारी आईंना अंथरूण घालून आडवं व्हायला लावलं, गोधडीसकट. त्या लाजून हसत होत्या, म्हणत होत्या की शिंपी सुद्धा एवढी मापं घेत नाही. गुडघ्याची उंची गादीसह सोळा इंच निघाली. म्हणजे टॉवर उभा चालणारच नाही, तो आडवा झोपवून फळीला अगदी चिकटवायला हवा. आडवा टॉवर आठ इंच, लाकडाचा एक. खाली वीस इंच राहतील. माझ्या खुर्चीला थोडं मागे सरकावं लागलं असतं. सरकेन की, माझे गुडघे अजून चांगले आहेत.

ब्रॅकेट काढायला गेले तर दोन स्क्रू बोटांनीच बाहेर आले, मागून भुसा गळला. काकांचं खरं होतं. त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, काका, चुकले. काकांनी शर्ट चढवला आणि आम्ही दोघं टॅक्सीने रे रोडला लाकडाच्या वखारीत गेलो. तिथे जुन्या घरांचं सागवान मिळतं. काकांनी दहा-बारा तुकडे बोटांनी टकटक करून नाकारले आणि दोन पट्ट्या निवडल्या, नखही रुतणार नाही अशा. घरी येऊन त्या टेबलाखाली आडव्या लावल्या, स्क्रू नाही, फळीच्या आरपार नटबोल्ट आणि खाली-वर वायसर. काका पाठीवर झोपून पाना फिरवत होते आणि मी वरून धरत होते. काम करणाऱ्या माणसाच्या शेजारी बसलं की मला फार बरं वाटतं.

आता टॉवरला झोळीसारखं धरायला दोन पट्टे हवे होते. मी बाजारातून नायलॉनचे आणून ठेवले होते. काकांनी ते ताणून बघितले, तोंड वाकडं केलं. मशीन तापणार, हा सैल पडणार, आणि खाली आमच्या वहिनींचे, म्हणजे आईंचे, पाय, असं म्हणाले. मग त्यांची नजर खाटेवरच्या वळकटीवर गेली आणि तिथेच अडकली. ह्या पट्ट्याने तीस-तीस मागांचा भार ओढलाय, म्हणाले, असं कापड आता बनत नाही.

मी ताबडतोब नाही म्हटलं. सासऱ्यांची ती एकच वस्तू आईंकडे होती. शिवाय पट्टा जेमतेम सात फूट, दोन करायचे तर मधोमध कापावा लागणार. कापला की संपलं. मी काकांना म्हटलं, मी उद्या दुसरं काहीतरी शोधते.

आई उठल्या. भिंत धरून खाटेपाशी गेल्या, बक्कल सोडलं, पट्टा ओढून काढला. वळकटी आपोआप उलगडत खाली आली. त्यांनी पट्टा मधोमध दुमडला, दोन्ही टोकं जुळवून पाहिली आणि काकांच्या हातात दिला. काप, म्हणाल्या.

काकांनी हॅक्सॉचं पातं लावलं तेव्हा मला बघवेना. कॅनव्हास करकरत कापला गेला. दोन्ही तुकड्यांची टोकं आम्ही सागवानाच्या पट्ट्यांना बोल्टने पकडली. पुढच्या तुकड्याला ते बक्कल राहू दिलं, साफसफाईला सैल करता येईल म्हणून. टॉवर आत सरकवला, बक्कल आवळलं. काकांनी खालून दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखा जोर दिला. टॉवर केसभरही हलला नाही. मी बटण दाबलं, पंखा फिरला, हवेची जाळी मोकळी होती.

काका मशीन घेऊन गेले. मी जमिनीवर पसरलेलं ते अंथरूण बघत होते. कोपऱ्यात औषधांची पिशवी भरलेली होती, तिकिटाचं नवऱ्याला सांगून झालं होतं. मी विचारलं, “आई, आता गावाला जाताना वळकटी कशाने बांधणार?”

“कोण जाता गावाक?” आई म्हणाल्या. आणि दिवसाउजेडी, देव्हाऱ्याकडे डोकं करून त्या अंथरुणावर आडव्या झाल्या, गोधडी गुडघ्यांखाली घेतली आणि दोन्ही पाय टेबलाखाली सोडले. गुडघ्यांच्या वर चार इंच जागा मोकळी होती. त्यांनी एकदा पाय हलवून खात्री केली आणि मला म्हणाल्या की चहा टाक.