नेसेटची लाईन

बोर्गहिल्डसारखी खमकी बाई आमच्या बेटावर दुसरी नाही. वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात ती बसायची, आणि तिने हो म्हटल्याशिवाय एकही तार चालू व्हायची नाही. आम्ही खांबांवर चढणारे गडी तिला टरकून असायचो.

आमच्यात एक रीत आहे. चढण्याआधी ज्याने त्याने आपलं कुलूप लाईनच्या खटक्याला लावायचं, म्हणजे तो वर असताना लाईन कोणी चालू करू शकत नाही; उतरल्यावर त्यानेच काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही! बोर्गहिल्डचा नवरा आयलर्ट वादळात तुटलेली तार जोडायला समुद्रकाठच्या नेसेटच्या लाईनवर चढला, तो गेलाच. पट्टा खांबाला लटकत होता, खाली समुद्र; देह काही सापडला नाही. बाईने ना प्रार्थना होऊ दिली, ना नावाचा दगड बसवू दिला. "त्याचं कुलूप खटक्याला आहे ना अजून? मग तो कामावर आहे," म्हणायची. लाईन तशीच बंद राहिली.

पण पुढे वीज पुरेना. कोणीही जोडणी मागितली की उत्तर एकच, तारा भरल्यात, आणखी भार पेलणार नाहीत. मासळीच्या कारखान्याने सांगून टाकलं, वीज द्या, नाहीतर आम्ही चाललो. अर्ध्या गावाचं पोट त्यावर! नेसेटची लाईन जोडली तर भागत होतं.

आमचा साहेब ट्रुल्स तिला म्हणाला, "बोर्गहिल्ड, मेलेल्यापायी जिवंतांना उपाशी मारतेस काय?"

ती म्हणाली, "कापा कुलूप. पण लाईन रीतीप्रमाणेच चालू होईल."

तुटलेली तार ट्रुल्सने आणि मी चढून जोडली, आणि उतरल्यावर खांबाखालच्या खटक्यावरचं आयलर्टचं कुलूप मीच कापलं. दाट धुकं, वारा पडलेला, आणि डोक्यावरच्या बंद तारा गुणगुणत होत्या. शेजारच्या लाईनमुळे होतं तसं, मी स्वतःला बजावलं. अंगावर काटा आला तो आलाच.

खांबावरून उतरलात का, असं वायरलेसवर बोर्गहिल्ड एकेकाला विचारू लागली. "खाली," मी म्हणालो. "खाली," ट्रुल्स म्हणाला.

"आयलर्ट?"

"झालं हिचं सुरू!" ट्रुल्सने कपाळावर हात मारला.

नुसती खरखर. मग धापा टाकत कोणीतरी म्हणालं, "अजून वर आहे."

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण त्याच्या जोडीने मी जन्मभर खांब चढलोय, तो आवाज मी ओळखणार नाही? ट्रुल्स पांढराफटक पडला.

"उतर रे आता," बोर्गहिल्ड हळूच म्हणाली. "पुरे झालं काम."

आमच्याच खांबावरून, पायातले लोखंडी आकडे लाकडात रुतल्याचा आवाज खाली येऊ लागला. खट्, खट्. वर कोणी नव्हतं. माझ्या शेजारी येऊन तो थांबला.

"खाली," वायरलेस म्हणाला.

तिने लाईन चालू केली. मग हंबरडा फोडला. वायरलेस बंद करायचंही भान तिला राहिलं नाही.