पाटी नसलेली खुर्ची

१७ मे १९८६, पहाटे साडेपाच. देवगडजवळच्या आमच्या गावातून मुंबईची एस.टी. सुटली. वडिलांचे तेरावे आटोपले होते. धाकटा भाऊ दत्ता पोचवायला आला होता. माझ्या खोलीत आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचल्याचे त्याने गाडी सुरू झाल्यावर सांगितले.

"दादा, तू खय आता ऱ्हवाक येतलंस? इलंस की पडवेत झोप."

मी मान हलवली. मुलुंडच्या वाचनालयामागे मला खोली होती. वाईट वाटून घेण्याचे कारण नव्हते.

मांडीवर वाचनालयाचा नकाशासंग्रह होता. वडिलांना दाखवण्यासाठी नेला होता. अंथरुणावरून त्यांनी जगाचे पान बराच वेळ पाहिले आणि विचारले, "ह्यात मुलुंड खय आसा?" मुलुंड त्यात नाही, असे मी सांगितले. "मगे तू खय ऱ्हवतंस?" ते म्हणाले. ते हसत होते की नाही, हे मला कळले नाही.

तीन वर्षांपूर्वी मी गावच्या शाळेतील मास्तरकी सोडली ती वसंताच्या शब्दावर. वसंता माझा बालमित्र, मुलुंडच्या त्या वाचनालयाचा कार्यवाह. दिवाळीला गावी आला असता तो म्हणाला होता, "सभागृह रिकामा पडला हा. मागे एक खोली आसा. तू ये, आणि तुझा ता देशांचा शिकवणा तिथे चालू कर." निघताना वडिलांनी एवढेच सांगितले : "चार माणसांत बसलंस, तर चौघांक इचारून ऊठ."

देशादेशांतील सहकार्य मुलुंडच्या चाळकऱ्यांनी कशासाठी शिकायचे, असा प्रश्न समितीत आलाच. मी म्हणालो, देवीचा रोग कोणा एका देशाने घालवला नाही. एकमेकांवर बाँब रोखून बसलेल्यांनी त्यासाठी लस वाटली. हे कसे घडले ते ज्याला ठाऊक नाही, त्याला रोजचे वर्तमानपत्र अर्धेच समजते. वाचनालयाने उरलेले अर्धे द्यावे.

मग शनिवारची बैठक सुरू झाली. पद्धत माझी होती. प्रत्येक सभासदाने एक देश व्हायचे, आठवडाभर वाचनालयात त्या देशाविषयी वाचायचे आणि शनिवारी लांब टेबलाशी बसून त्याच्या वतीने बोलायचे. बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून मी देशांच्या नावांच्या पाट्या केल्या. देश मात्र आपल्या स्थितीच्या उलट घ्यायचा. शेवंताबाई मुलुंडच्या बाजारात मासळी विकत. त्यांचे माहेर खारदांड्याच्या कोळीवाड्यातले. त्यांच्या वाट्याला नेपाळ आला.

"मास्तर, मला बिनदर्याचा देश? आमच्या दांड्यात कळलं तर हसून मरतील ना!"

टेलिफोन खात्यातले गायकवाड बीडकडचे. त्यांना हॉलंड मिळाले. "गावाला माझ्या टँकर येतो," ते म्हणत, "आणि इथं मी समुद्र उपसतोय." पण दोघेही वाचत. नेपाळला समुद्रापर्यंत वाट मिळावी म्हणून शेवंताबाई महिनाभर भांडल्या. "वाट द्यायला तुमचं काय जातं रे? माल घेऊन जाईन, दर्या नाही उचलून नेणार!"

नियम एकच होता. ज्याच्या पाटीमागची खुर्ची रिकामी, त्याच्यासंबंधी निर्णय नाही. एका शनिवारी गायकवाडांना ड्यूटी लागली आणि बंदरांचा प्रश्न आठवडाभर लांबला. शेवंताबाई कडाडल्या, "एका माणसापायी सगळ्यांनी थांबायचं?" मी हो म्हणालो. रागावून गेल्या, पुढच्या शनिवारी सर्वांच्या आधी येऊन बसल्या. तेव्हा मला वाटले, शिकवणे पोचले.

गावाहून निघालो त्या दिवशी संध्याकाळी सायनला उतरून मी मुलुंडची बस धरली. शनिवार होता, बैठक चुकवायची नव्हती. सभागृहात दिवे होते, पण टेबल भिंतीला लावले होते. त्याच्या जागी बाके होती आणि समोर नवा फळा. वसंता, गायकवाड आणि शेवंताबाई उभे होते. खोलीतली माझी सामानाची पेटी जिन्याखाली होती.

"सोमवारपासून दहावीचे वर्ग," वसंता म्हणाला. "रोज संध्याकाळी. मागची खोली वर्गाच्या मास्तरांना दिली."

"कोणी ठरवले?"

"गेल्या शनिवारी बैठकीतच ठरलं. सगळ्यांचे हात वर होते."

मी गायकवाडांकडे पाहिले. त्यांची मुलगी दहावीत गेली होती. ते फळ्याकडे पाहत राहिले.

"मी इथे नव्हतो," मी म्हणालो. "नियम काय होता?"

"अरे, नियम खय मोडलो?" वसंता म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. तो आधीच विचार करून आला होता. "ज्यांची पाटी, ते सगळे हजर होते. नेपाळ होता, हॉलंड होता. तुझी पाटी खय होती?"

नव्हती. मी बैठकीचा चालक होतो. चालकाने देश घेऊ नये, असे मीच ठरवले होते. तीन वर्षे मी टेबलाच्या टोकाला पाटीशिवाय बसलो, आणि हे कोणाला खटकले नाही. मलाही नाही.

"मास्तर, पोरांच्या शिक्षणाचं होतं," शेवंताबाई म्हणाल्या. "तुम्ही असता, तर तुम्हीपण हात वर केला असता."

कदाचित केला असता. पण मला विचारायला हवे होते.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे इकडे आलेल्यांनो, आज मी बोरिवलीत राहतो. दारावर माझ्या नावाची पाटी आहे. गावच्या खोलीत अजून आंब्याच्या पेट्या आहेत. वसंताशी पुढे बोललो नाही. तो वारला तेव्हाही गेलो नाही. त्या टेबलाशी मी जे शिकवले ते खोटे नव्हते, असे आजही मानतो. देशही असेच वागतात : गैरहजर असलेल्याला कागदावर सांभाळतात, आणि कागदात जागा सापडली की हात वर करतात. माझे शिष्य पक्के निघाले. घर म्हणजे काय, असे नातवंडे विचारतात. आपल्या पाठीमागे जिथे आपला निर्णय होत नाही, ते घर, असे मी सांगतो. असे घर कुठे आहे, हे त्यांनी अजून विचारलेले नाही.

त्या संध्याकाळी मी वाद वाढवला नाही. नकाशासंग्रहाची परत आल्याची नोंद केली, तो कपाटात त्याच्या जागी उभा केला आणि माझ्याकडची कपाटाची किल्ली वसंताच्या हातात न देता टेबलावर ठेवली. गायकवाड म्हणाले, आज आमच्याकडे चला. मी नको म्हणालो. जिन्याखालून पेटी ओढली, तेव्हा हलवाहलवीत तिची कडी तुटलेली दिसली. शेवंताबाईंनी मासळीच्या टोपलीतून सुतळी काढून पुढे केली. ती घेतली, पेटीला दोन वेढे दिले आणि गाठ मारली.